दुकानाच्या पाटीची मापं: ठाण्यात बोर्ड लावण्याआधी टेप कुठून कुठे धरायचा

बोर्ड करायला आलेलं गिऱ्हाईक पहिलं वाक्य ठरलेलं बोलतं, "दहा बाय तीनचा करून टाका." हे दहा कुठून कुठे आणि तीन कुठून कुठे, असं विचारलं की समोरचा गप्प होतो. शटर दहा फुटी आहे म्हणून बोर्ड दहा फुटी, एवढाच हिशेब असतो. मी ठाण्यात दुकानांचे बोर्ड करतो आणि परवानगीच्या अर्जाला लागणारा नकाशाही काढून देतो. आजवर ज्या बोर्डांवरून कटकट झाली, त्यात रंग भडक किंवा अक्षर वाकडं म्हणून एकही नव्हती. सगळी भांडणं मापांची होती, आणि त्यातली निम्मी तरी अर्ध्या तासाच्या टेपकामाने टळली असती.

सोयीसाठी एकच दुकान घेऊन चालू. नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत तळमजल्याचा गाळा, वर तीन मजले बिऱ्हाडं. काकू तिथे शेव, चिवडा, चकल्या विकतात. त्यांना १२ फुटी, रात्री लखलखणारा बोर्ड हवा होता.

आधी गाळा कागदावर बघा

टेप काढण्याआधी सोसायटीकडून इमारतीचा मंजूर नकाशा मागा. सोसायटीकडे नसेल तर ठाण्यात महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे आणि नवी मुंबईत नगररचना विभागाकडे प्रत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. नकाशात दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, तुमचा गाळा तिथे दुकान म्हणून दाखवला आहे का. जिथे खोली किंवा पार्किंग दाखवलं आहे तिथे दुकान थाटलं असेल, तर आधी वापरबदलाचं बघा. बोर्ड ही तिथली सगळ्यात छोटी अडचण आहे.

दुसरी, इमारतीची दर्शनी भिंत कुठे संपते. तिच्यापुढे रस्त्यापर्यंत जी मोकळी पट्टी असते तिला कागदोपत्री सामासिक अंतर म्हणतात. नवी मुंबईत सगळे मार्जिनल स्पेसच म्हणतात. ती जागा दुकानाची नसते. काकूंच्या शेजारच्याने त्या पट्टीवर पत्र्याची शेड घालून शेडच्या कपाळावर बोर्ड ठोकला आहे. त्याची रुंदी-उंची कितीही बिनचूक असली तरी ज्याच्यावर बोर्ड उभा आहे तेच बेकायदा असेल, तर शेडबरोबर बोर्डही जाणार. रस्त्यावर किंवा फुटपाथवर मांडलेली वस्तू महापालिका नोटीस न देता उचलू शकते, तशी कायद्यात तरतूदच आहे. फुटपाथवर उभी केलेली स्टँडी, म्हणजे सुटा उभा फलक, याच तरतुदीत जाते. तिचं माप काढत बसू नका, आत घ्या.

नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. तिथली बरीचशी जमीन सिडकोने, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे, तेव्हा गाळ्याचा वापर भाडेपट्ट्याच्या अटीत बसतो का, तेही एकदा वाचून घ्या.

रुंदी: शटर वेगळं, दर्शनी भाग वेगळा

आता टेप. शटरची उघडी रुंदी म्हणजे तुमचा दर्शनी भाग नाही. दोन गाळ्यांच्या मधला खांब अर्धा तुमचा, अर्धा शेजाऱ्याचा, असं धरून चालायचं. काकूंच्या गाळ्याची मापं अशी निघाली: शटर ९ फूट १० इंच, डावीकडचा खांब ९ इंची आणि सामाईक, म्हणून त्यातले साडेचार इंच, उजवीकडचा खांब इमारतीच्या टोकाचा, म्हणून पूर्ण ९ इंच. बेरीज १० फूट साडेअकरा इंच. म्हणजे १२ फुटी बोर्ड शेजाऱ्याच्या खांबावर नाहीतर कोपऱ्याच्या बाहेर गेला असता.

काकू म्हणाल्या, "अहो, शेजारचे आपलेच आहेत, काही बोलायचे नाहीत." आज नाही बोलणार. उद्या त्यांनी गाळा विकला की नवा मालक पहिल्या आठवड्यात बोलेल.

माप एकदा खाली ओट्यालगत घ्या आणि एकदा वर लिंटेलपाशी, म्हणजे शटरवरच्या आडव्या तुळईपाशी. जुन्या इमारतींत दोन्ही सारखे येतील याची हमी नाही. इंच-दीड इंचाचा फरक मी नेहमी पाहतो. कमी येईल ते धरा.

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत दर्शनी भागाच्या प्रत्येक फुटामागे अमुक चौरस फूट बोर्ड, असं सरळ गणित असतं. आपल्याकडचा कायदा आकाराआधी पाटी कशाची आहे, पेटते का आणि कुठे बसवली आहे, हे विचारतो. तिकडे वळूच, पण आधी उंची.

उंची आणि बाहेर येणं

उभं माप लिंटेलच्या खालच्या कडेपासून वरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूपर्यंत घ्यायचं. काकूंकडे ते ३ फूट १ इंच निघालं. त्यातच शटरची गुंडाळी बसलेली असते. बोर्ड तिच्यासमोर येणार असेल तर शटर दुरुस्तीला खोलता येईल अशी बिजागरी आत्ताच सांगा. नाहीतर शटरची पहिली स्प्रिंग तुटेल त्या दिवशी बोर्डही उतरवावा लागेल.

बोर्डाची खालची कड जमिनीपासून किती उंच, हे ओट्यावरून मोजू नका. रस्त्याच्या किंवा फुटपाथच्या पातळीवरून मोजा, कारण डोकं आपटणार ते रस्त्याने जाणाऱ्याचं. काकूंचं लिंटेल ओट्यापासून साडेसात फूट आणि ओटा रस्त्यापासून सव्वा फूट, म्हणजे कड ८ फूट ९ इंचांवर. उद्या गल्लीत काँक्रीटचा पाच इंचांचा थर चढला तरी ८ फूट ४ इंच उरतात. फुटपाथवर डोकावणारी कुठलीही गोष्ट खालून अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट मोकळी राहिली पाहिजे, हा माझा हिशेब. कुठल्याही साहेबाने त्यावर बोट ठेवलेलं नाही.

बाहेर येण्याचं माप भिंतीपासून बोर्डाच्या सगळ्यात पुढच्या टोकापर्यंत असतं. नुसत्या पेटीची जाडी लिहून भागत नाही. स्क्वेअर पाइपची फ्रेम, तिच्यावर एसीपीची (अ‍ॅल्युमिनियमच्या थरांची) शीट, तिच्यावर उठावाची अक्षरं आणि सगळ्यांवर वाकून बघणारा फोकस दिवा, अशी ती रांग असते. चार इंची म्हणून विकलेला बोर्ड फोकससकट दीड फूट बाहेर येतो. आणि भिंतीला काटकोनात लावतात तो गोल दुतोंडी लॉलीपॉप बोर्ड तर फुटपाथच्या हवेतच लटकत असतो. तो करायचाच असेल तर दोन्ही तोंडांचं क्षेत्रफळ मोजून लिहा, एकाचं नको.

एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. ती ठाण्याला लागू आहे आणि नवी मुंबईलाही. इमारतीवरच्या जाहिरात फलकांसाठी ती राष्ट्रीय इमारत संहितेच्या दहाव्या भागाकडे बोट दाखवते. त्या भागात भिंतीवरचा, बाहेर आलेला, छपरावरचा, व्हरांड्याला टांगलेला आणि जमिनीत रोवलेला असे फलकांचे प्रकार वेगवेगळे धरलेले आहेत. म्हणून अर्जात नुसतं 'बोर्ड' लिहू नका, प्रकार लिहा.

क्षेत्रफळ: इथेच पैसे जातात

शुल्क क्षेत्रफळावर लागतं. तुम्ही डिझाइनरला जे माप देता ते आतल्या फ्लेक्सचं असतं, मोजणारा मात्र बाहेरच्या कडेला टेप लावतो. काकूंचा फ्लेक्स १० फूट बाय अडीच फूट, म्हणजे २५ चौरस फूट. भोवती दीड इंचाची पट्टी आली की बोर्ड होतो १० फूट ३ इंच बाय २ फूट ९ इंच, म्हणजे २८.१९ चौरस फूट. तीन चौरस फूट नुसत्या पट्टीचे. अर्जावर बाहेरचंच माप लिहा. कमी लिहून जास्त निघालं तर संशयाचं खापर आपल्यावर फुटतं.

आकार आयत नसेल तर, म्हणजे कमान, पान किंवा समोसा असेल, तर त्याला बाहेरून चिकटून बसेल असा सगळ्यात लहान आयत काढा आणि त्याचं क्षेत्रफळ धरा. जास्त येतं, पण वाद संपतो. सुटी अक्षरं थेट भिंतीवर लावली असतील तर पहिल्या अक्षराच्या डाव्या कडेपासून शेवटच्याच्या उजव्या कडेपर्यंत आणि वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंतचा आयत काढा. खरा पेच एसीपीचा. अख्खी दर्शनी भिंत काळ्या शीटने मढवली आणि मधे चार सोनेरी अक्षरं लावली, तर बोर्ड कोणता, अक्षरांचा आयत की अख्खी शीट? मी नकाशात दोन्ही दाखवतो: मढवलेला भाग अखंड रेषेने, अक्षरांचा आयत तुटक रेषेने, आणि दोन्हींखाली क्षेत्रफळ. शीटला दुकानाचा खास रंग दिला किंवा तिच्यातून उजेड पाडला, तर मग ती भिंत उरत नाही. ती जाहिरातच.

आता माझी स्वतःची फजिती. सुरुवातीच्या वर्षांत ३० चौरस फुटांच्या एका बोर्डाचे चौरस मीटर काढताना मी ३.२८ ने भागलं आणि अर्जावर ९.१५ लिहिलं. ३.२८ हा लांबीचा भाजक; क्षेत्रफळाला १०.७६४ ने भागावं लागतं. खरं उत्तर २.७९. गिऱ्हाईक तिपटीहून जास्त शुल्क भरून बसलं असतं, खिडकीवरच्या कारकुनाने "एवढासा बोर्ड आणि नऊ मीटर?" म्हणून अर्ज परत सारला तेव्हा वाचलो. तेव्हापासून मी मापंच मीटरमध्ये घेतो. काकूंचा बोर्ड ३.१२४ बाय ०.८३८, म्हणजे २.६२ चौरस मीटर. गुणाकार करा, भागाकाराच्या नादी लागू नका.

पाटी, जाहिरात की आकाशचिन्ह

आपण तिन्हींना बोर्डच म्हणतो, कायदा म्हणत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कलम २४४ आकाशचिन्हांचं, म्हणजे मागे आभाळ दिसेल अशा उंचावरच्या फलकांचं, आणि कलम २४५ जाहिरातींचं. याच कायद्याखाली २०२२ मध्ये स्वतंत्र नियमही आले. २४५ चं सूत्र असं, की आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावायची नाही. पण त्यातच सूट आहे. दुकानाच्या खिडकीच्या आत लावलेलं, त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याबद्दलचं किंवा जागेचं आणि मालकाचं नाव सांगणारं असेल, तर ही परवानगी लागत नाही. मात्र दोन गोष्टी असल्या की सूट गेली: ते प्रकाशित असलं, किंवा आकाशचिन्ह असलं.

काकूंच्या लखलखाटाची किंमत इथे कळते. 'शेव, चिवडा, चकली' अशी रंगवलेली पाटी एका बाजूला आणि तीच पाटी आतून एलईडी मॉड्यूल घालून पेटवलेली दुसऱ्या बाजूला. शब्द तेच, माप तेच, पण दुसरीला परवानगी आणि शुल्क. काकूंनी हिशेब करून रंगवलेली पाटी घेतली आणि दुकानाच्या आतले दिवे वाढवले. मला सल्ला विचाराल तर छोट्या गल्लीत हेच करा. राम मारुती रोडसारख्या ठिकाणी, जिथे शेजारचे सगळे पेटलेले असतात, तिथे परवानगी काढून पेटवा. चोरून पेटवू नका.

दुसरा सापळा फुकटच्या बोर्डाचा. थंड पेयाच्या किंवा मोबाइलच्या कंपनीचा माणूस येतो, म्हणतो बोर्ड आमच्या खर्चाने. तीन चतुर्थांश जागेत कंपनीचं चिन्ह, कोपऱ्यात तुमच्या दुकानाचं नाव. ही तुमची पाटी राहत नाही, ती कंपनीची जाहिरात होते. शुल्काची नोटीस मात्र तुमच्या पत्त्यावर येते, कंपनीचा माणूस तोवर दुसऱ्या विभागात बदलून गेलेला असतो. घ्यायचाच असेल तर परवानगी कोण काढणार आणि दरवर्षी शुल्क कोण भरणार, हे कंपनीकडून कागदावर घ्या.

आकाशचिन्हाची परीक्षा सोपी आहे आणि करायला मजा येते. खांबावर, सांगाड्यावर किंवा गच्चीवर उभा केलेला फलक रस्त्यावरून बघताना त्याच्यामागे आभाळ दिसतं का? दिसलं तर ते आकाशचिन्ह. समोरच्या फुटपाथवर उभे राहा, मग गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन बघा, कारण 'रस्त्यावरच्या कुठल्याही ठिकाणाहून' दिसलं तरी पुरतं. भिंतीच्या किंवा कठड्याच्या माथ्यावर घट्ट बसवलेला, एकसंध पृष्ठाचा आणि माथ्यावर साधारण तीन फुटांपेक्षा जास्त न चढणारा फलक त्यातून वगळलेला आहे. एकसंध म्हणजे मधून आभाळ दिसणारी सुटी अक्षरं चालत नाहीत. एकमजली गाळ्यांच्या रांगेत हा मुद्दा हमखास येतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. मुंबईत तेव्हा मर्यादा ४० बाय ४० ची होती. त्यानंतर माथ्यावरच्या कुठल्याही सांगाड्याकडे कोणी हलक्यात बघत नाही, आणि बघूही नये.

मराठी अक्षरं: फाँटचा आकडा फसवतो

ही अट जाहिरातीच्या कायद्यातली नाही, दुकाने व आस्थापना कायद्यातली आहे. म्हणून एकीकडची परवानगी मिळाली तरी दुसरीकडची अट सुटत नाही. २०१७ च्या त्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ३६क आलं आणि दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही त्यात आली. नामफलक देवनागरी लिपीत मराठीतून हवा. दुसरी भाषाही चालते, पण मराठी सुरुवातीला, आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली.

आता माप. डिझाइनर दोन्ही ओळींना ३०० पॉइंट देतो आणि म्हणतो सारखं आहे. छापून आल्यावर इंग्रजी कॅपिटल अक्षरं मोठी दिसतात, कारण देवनागरी फाँटमध्ये त्याच आकड्यात वरची वेलांटी, मात्रा आणि खालचा उकार यांनाही जागा ठेवलेली असते. मधलं अक्षर त्या मानाने बुटकं उरतं. काही जण उलटी चलाखी करतात: 'श्री'च्या वेलांटीच्या टोकापासून 'कु'च्या उकारापर्यंत मोजून मराठी मोठी दाखवतात. मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजतो, म्हणजे 'क' किंवा 'म' चा नुसता देह, आणि तो इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतका किंवा त्याहून मोठा ठेवतो. काकूंच्या पाटीवर मराठी देह ९ इंच, इंग्रजी ओळ ५ इंच. कोणी पट्टी घेऊन आलं तरी घाम फुटायचं कारण नाही.

अक्षराची जाडी कायद्यात नाही, पण बारीक मराठी आणि जाड इंग्रजी केलीत की तपासणारा आधी कुरकुरतो आणि मग पट्टी काढतो.

कागद

सोसायटीचं ना हरकत पत्र, कारण शटरवरची भिंत तुमची नाही, गाळ्याचा मालकी किंवा भाड्याचा कागद, दुकानाची नोंदणी, रस्त्यापलीकडून काढलेला अख्ख्या दर्शनी भागाचा फोटो, आणि एका पानाचा नकाशा. नकाशात समोरचं चित्र आणि बाजूचं चित्र दोन्ही हवीत. बाजूच्या चित्राशिवाय बोर्ड किती बाहेर येतो ते कळत नाही, आणि अर्ज त्यावरूनच परत येतो. दर महापालिकेच्या जाहिरात विभागातून चालू वर्षाचाच घ्या. गिऱ्हाइकांनी आणलेल्या जुन्या पावतीवरून हिशेब लावू नका. बोर्डासमोर झाडाची फांदी येत असेल तर तिच्यासाठी वृक्ष प्राधिकरणाचा अर्ज वेगळा करायचा. फांदी रात्री तोडण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, दंड भरायला त्यातला एकही येत नाही.

लावण्याच्या दिवशी

फिटर खिळे-गट्ट्यांवर भागवू बघतो. अँकर फास्टनरच मागा, आणि प्लास्टर वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर फास्टनर प्लास्टरमध्ये नको, आतल्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे. सगळं बसल्यावर टेप बोर्डावर धरून तीन फोटो काढा, रुंदी, उंची आणि भिंतीपासूनचं अंतर. हे फोटो परवानगीच्या कागदाबरोबर गल्ल्याखाली ठेवा.

आणि दिवाळीला नवा फ्लेक्स चढवायच्या आधी परवानगीच्या अटी काढून वाचा. आकाशचिन्हाच्या बाबतीत तर कायदा स्पष्ट आहे: त्यात भर घातली, बदल केला, ते पडलं, किंवा ज्या इमारतीवर ते आहे तिच्यात फेरफार झाला, की आधीची परवानगी तिथेच संपते. गेल्या वर्षी काकूंना पाटीखाली 'फराळाच्या ऑर्डर घेतल्या जातील' अशी सहा इंची पट्टी जोडायची होती. पाटी रंगवलेली, न पेटणारी आणि त्यांच्याच धंद्याची, म्हणून अडचण आली नाही. फक्त मी खालून उंची पुन्हा मोजली. सहा इंची पट्टी धरून ८ फूट ३ इंच, म्हणजे सव्वाआठाच्या अगदी काठावर. पट्टी चार इंची केली.